संगणकाचा एसएमपीएस निवडताना



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक मागणी सुरू होते. पूर्वी ती सायकलची असे, मग मोटरसायकलची झाली. हल्ली मुले 'गेमिंग पीसी' मागतात. तयार यंत्र महाग पडते म्हणून सुटे भाग आणून जोडून घ्यायचे ठरते. मुलगा वहीच्या मागच्या पानावर यादी करतो : प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड, रॅम, एसएसडी, काचेचे कॅबिनेट आणि त्यात रंगीत दिव्यांचे पंखे. वडील एक आकडा सांगतात. यादी त्या आकड्याच्या वर जाते आणि कात्री लागते ती शेवटच्या ओळीला. ही शेवटची ओळ म्हणजे पॉवर सप्लाय, दुकानाच्या भाषेत एसएमपीएस. त्याने खेळाचा वेग वाढत नाही, चित्र सुंदर होत नाही, आणि मित्राला दाखवावे असे त्यात काही नसते. म्हणून "कॅबिनेटबरोबर एक फुकट येतो, तोच घाला" असा निर्णय होतो.

खेळ खेळावेत की नाही आणि किती वेळ खेळावेत, यावर पालकसभेत आपण पुष्कळ बोललो आहोत. तो विषय आज बाजूला ठेवू. चाळीस-पन्नास हजारांची वस्तू घरात यायचीच असेल तर ती ज्या डब्यावर चालते तो डबा कसा पारखावा, एवढेच या लेखात सांगायचे आहे. शुक्रवारच्या बाजारात आपल्या आया-बहिणी मिरची मोडून बघतात, सुके बांगडे उलटेपालटे करून वास घेतात. संगणक घेताना मात्र आपण काचेतून दिसणारा दिवा बघतो आणि पैसे मोजतो.

प्रथम हा डबा करतो काय ते पाहू. एसएमपीएस म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय. भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्टची वीज येते, ती सेकंदाला ५० आवर्तने करते. संगणकाच्या भागांना लागते ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिथे आम्ही प्रत्यावर्ती धारा आणि दिष्ट धारा असे म्हणत असू, आणि मराठी पुस्तकांतही हेच शब्द आहेत. पण आपली मुले पाचवीपासून विज्ञान इंग्रजीतून शिकतात, त्यामुळे इथे एसी आणि डीसी म्हणू. नाव काहीही घ्या, गणित तेच राहते.

हा डबा आलेल्या एसीचे आधी डीसी करतो. २३० ला २ च्या वर्गमुळाने गुणले की सुमारे ३२५ येतात. तेवढ्या व्होल्टची वीज एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. गावातल्या नळाला पाणी कमी-जास्त आले तरी छपरावरच्या टाकीमुळे घरात धार सारखी राहते, तसे या कपॅसिटरचे काम. मग इलेक्ट्रॉनिक स्विच ही वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात आणि ती एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतात. तोडण्या-जोडण्याचा वेग जेवढा अधिक तेवढा ट्रान्सफॉर्मर लहान चालतो. जुन्या रेडिओ-अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर उचलून पाहिलेल्यांना याचे महत्त्व लगेच कळेल. तेच काम ५० आवर्तनांवर करायचे तर हा डबा कित्येक किलोंचा झाला असता.

इथे एक सक्त सूचना. वायर काढली तरी त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ राहू शकते. त्यामुळे संगणकाचे कॅबिनेट उघडायला हरकत नाही, पण एसएमपीएसचा डबा कोणत्याही विद्यार्थ्याने, कितीही हुशार असला तरी, उघडायचा नाही.

आता निवडीकडे येऊ. दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचा देऊ?" आणि ग्राहक डब्यावरचा मोठा आकडा वाचून खूश होतो. खरा मजकूर डब्याच्या बाजूला चिकटवलेल्या लेबलावर बारीक अक्षरांत असतो. तिथे प्रत्येक व्होल्टेजपुढे अँपिअर लिहिलेले असतात. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे सूत्र आपण शाळेत शिकवतो. त्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

उदाहरणादाखल असे धरू, की एका डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिले आहे. लेबलावर ३.३ व्होल्टपुढे २० अँपिअर, ५ व्होल्टपुढे २२ आणि १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर आहेत. गुणाकार करा. ६६, ११० आणि १९२. बेरीज ३६८. राहिलेले ८२ वॅट कुठून आले ते दुकानदारालाच विचारावे. पण त्याहून महत्त्वाचे पुढेच आहे. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हे दोन मोठे खादाड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या ओळीतून घेतात. म्हणजे खेळासाठी हा डबा ४५० चा तर नाहीच, ३६८ चाही नाही, तो १९२ वॅटचा आहे. दुसऱ्या डब्यावरही ४५० च लिहिले आहे, पण १२ व्होल्टपुढे ३७ अँपिअर आहेत. १२ गुणिले ३७ म्हणजे ४४४. याला ४५० म्हणायला हरकत नाही. दोन्हींवर आकडा एकच, आणि आत दुपटीहून जास्त फरक.

असे का होते, याला इतिहास आहे. १९९५ साली एटीएक्स हा आराखडा आला तेव्हा संगणकाचे मुख्य भाग ५ आणि ३.३ व्होल्टवर चालत. पुढे प्रोसेसरची भूक वाढली तशी ती १२ व्होल्टवर नेण्यात आली आणि २००३ च्या सुमारास नव्या आराखड्यात १२ व्होल्टची ओळ बळकट केली गेली. स्वस्त डबे बनवणारे कित्येक जण जुनाच साचा वापरून वर नवा आकडा छापत राहिले. घरी २००५-०६ सालचा जुना संगणक पडून असेल तर त्याचा एसएमपीएस काढून नव्यात घालायचा विचार यासाठीच करू नये. शिवाय त्या काळातले बरेच कपॅसिटर खराब निघाले होते. डोके फुगलेले, तपकिरी रस गळणारे कपॅसिटर त्या वेळी दुरुस्ती करणाऱ्यांनी ढिगाने पाहिले आहेत.

मग आपल्याला लागते किती? बेताच्या बजेटचे एक यंत्र घेऊ. इंटेल कोअर आय-३ १२१००एफ प्रोसेसर, जोरात चालला तर ८९ वॅट. रेडिऑन आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड, १३२ वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे आणि कीबोर्ड-माउस मिळून ५० धरू. एकूण २७१ वॅट. ग्राफिक कार्ड काही मिलिसेकंदांपुरती आपल्या आकड्याच्या वर उडी मारते, म्हणून थोडी जागा राखावी लागते. खरा ४५० वॅटचा एसएमपीएस या यंत्राला पुरतो आणि तो साठ टक्के भारावर आरामात चालतो. दोन वर्षांनी मोठे कार्ड घालायचे मनात असेल तर ५५० घ्यावा. ७५० किंवा ८५० घेण्याचे काही कारण नाही. तो पैसा रॅममध्ये घाला. जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड घेणाऱ्यांचा भार तर आणखी कमी. ही कार्डे ७५ वॅटच्या आत चालतात, आणि तेवढी वीज मदरबोर्डच्या खाचेतूनच मिळत असल्यामुळे त्यांच्या अनेक मॉडेलना वेगळी वायरही लागत नाही. ज्या घरात पैसा खरोखर बेताचा आहे, त्या मुलाला मी हाच रस्ता सुचवीन. लहान कार्ड घ्यावे आणि त्याला चांगला एसएमपीएस द्यावा. मोठे कार्ड आणि फुकटचा डबा ही जोडी टिकत नाही.

दुकानात '८० प्लस' हा शब्द ऐकू येईल. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे त्याचे प्रकार सांगतील. २००४ पासून चालत आलेला हा कार्यक्षमतेचा शिक्का आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती संगणकाला पोचली आणि किती उष्णतेत गेली, एवढेच तो सांगतो. ब्राँझ म्हणजे अर्ध्या भारावर शंभरातले सुमारे ८५ पोचतात. यामुळे वीजबिल वाचेल असे विक्रेता सांगतो, त्याचाही हिशेब करून पाहू. संगणकाला २४० वॅट लागत असतील तर ८५ टक्क्यांचा डबा भिंतीतून सुमारे २८२ वॅट घेईल, ७५ टक्क्यांचा ३२० घेईल. फरक ३८ वॅट. रोज तीन तास खेळले तर महिन्याला साडेतीन युनिटांच्या आतच. तेवढ्यासाठी गोल्डच्या मागे धावू नये. ब्राँझ घ्यावा, कारण तो शिक्का मिळवणाऱ्या डब्यात निदान सर्किट बऱ्या दर्जाचे असण्याची शक्यता अधिक. पण शिक्का सुरक्षिततेची हमी देत नाही, हेही ध्यानात असू द्या. त्याची चाचणी २३ अंश सेल्सिअसला होते. मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या खोलीत २३ अंश कुठून आणणार? कपॅसिटरच्या बाबतीत ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. चांगल्या डब्यात १०५ अंशांच्या क्षमतेचे कपॅसिटर वापरतात आणि पेटीवर तसे छापतात. स्वस्तात ८५ अंशांचे असतात.

आता आपल्या भागाची खास अडचण. गोव्याची वीज प्रामुख्याने बाहेरच्या ग्रीडमधून येते आणि गावागावांत वीज खात्याच्या उघड्या तारांवरून घरी पोचते. पेडणे, डिचोली, बार्देश या तालुक्यांत तारा माडांमधून आणि फणस-आंब्यांच्या फांद्यांखालून जातात. पहिल्या वाऱ्यात चुडत तारेवर पडते. वीज जाते, येते, पुन्हा जाते. मेमधल्या आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटी पावसाचा त्रास तर सर्वांच्या ओळखीचा आहे. याहून वाईट म्हणजे तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल तुटणे. तसे झाले तर काही घरांत २३० च्या जागी ३०० किंवा त्याहून जास्त व्होल्ट येऊ शकतात. घरातले दिवे एकदम लखलखीत झाले की कौतुक न करता मेन स्विच पाडावा.

एसएमपीएसची खरी परीक्षा इथे होते. चांगल्या डब्यात व्होल्टेज वाढले, शॉर्ट सर्किट झाले, भार जास्त झाला तर स्वतःला बंद करणारी सर्किट असतात. फारच मोठा धक्का आला तर तो स्वतः जळतो, पण पुढे काही जाऊ देत नाही. फुकटच्या डब्यात ही सर्किट बहुधा नसतात. तिथे एसएमपीएस जाताना मदरबोर्ड, कार्ड आणि डिस्क यांना बरोबर घेऊन जाण्याची भीती असते. डिस्कवर मुलाचा बारावीचा प्रकल्प असतो, आजीचे फोटो असतात. ते दुकानात विकत मिळत नाहीत.

आणखी दोन गुण पाहावेत. एक, वीज क्षणभर लवली तरी संगणक बंद पडू नये. एटीएक्सच्या आराखड्याप्रमाणे सुमारे १७ मिलिसेकंद तग धरण्याची अपेक्षा आहे. ५० आवर्तनांच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे जवळजवळ एक आवर्तन बुडाले तरी चालावे. दुसरा गुण 'ॲक्टिव्ह पीएफसी'. असा डबा बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत आपोआप जुळवून घेतो, त्यामुळे चतुर्थीच्या दिवसांत संध्याकाळी वाड्यावरचे व्होल्टेज उतरले तरी तो कुरकुरत नाही. ज्याच्या मागे ११५ आणि २३० असा लाल खटका असतो, तो जुन्या पद्धतीचा. तो खटका गंमत म्हणून ११५ वर सरकवून आपल्या विजेवर चालू केला तर मोठा आवाज होऊन डबा फुटतो. लहान भावंडे असलेल्या घरी हे मुद्दाम सांगून ठेवा.

अर्थिंगबद्दल मला जरा सविस्तर सांगायचे आहे, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. "सर, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अनवाणी असलो की जास्त" अशी तक्रार मुले करतात आणि घरचे म्हणतात, "नवीन यंत्र आहे, होते तसे." तसे होता कामा नये. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे दोन लहान कपॅसिटर असतात. त्यांचा मधला बिंदू डब्याच्या पत्र्याला जोडलेला असतो आणि तिथून तिसऱ्या पिनेने जमिनीत जायचा असतो. जमिनीची वाट नसेल तर पत्र्यावर मुख्य विजेच्या निम्मे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दिसतात. त्यातून वाहणारा करंट फार थोडा असतो, म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण त्याचा अर्थ असा की घराला अर्थिंग नाही, किंवा आहे ते काम करत नाही. उद्या आत खरोखर बिघाड होऊन फेज पत्र्याला लागला तर त्याला वाट मिळेल ती मुलाच्या अंगातून.

आपल्याकडच्या जुन्या घरांत दोन पिनांचे सॉकेट अजून आहेत. तीन पिनांचा प्लग त्यात बसत नाही म्हणून कोणी तिसरी पिन मोडून टाकतो. ते कधीही करू नये. काही ठिकाणी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून "झाले अर्थिंग" असे सांगतात. तो तर उघड धोका आहे. मागच्या अंगणात मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असेल तर तपासा. आपला जांभा दगड आणि माती उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग क्षीण होते. मार्चपासून त्या खड्ड्यात पाणी घालणे हे अंगणातल्या तुळशीला पाणी घालण्याइतके नियमाचे असावे. ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. पैसे कमी पडत असतील तर कॅबिनेटमधले रंगीत पंखे यादीतून काढा, पण हे खर्च काढू नका.

यूपीएसचे थोडक्यात. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हेत, तो बहुधा ३६० वॅटच देतो. वरच्या आपल्या यंत्राला २७१ वॅट लागतात, म्हणजे भिंतीतून ३१९, आणि मॉनिटरचे २५ धरले तर ३४४. खेळ ऐन रंगात असताना वीज गेली तर तो काठावरच राहील. १००० व्हीएचा घ्यावा, आणि वीज गेल्यावर त्यावर खेळत न बसता काम सेव्ह करून यंत्र बंद करावे. घरातल्या इन्व्हर्टरवर जोडायचा असेल तर तो साइन वेव्हचा असावा. ॲक्टिव्ह पीएफसीचे काही डबे चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर गुणगुणतात किंवा बंद पडतात. आणि आकाशात गडगडू लागले की प्लग सॉकेटमधून ओढून काढावा, तांब्याची केबल किंवा टेलिफोनची वायर जोडलेली असेल तर तीही. वीज जवळ पडली तर कोणताही यूपीएस किंवा स्पाइक गार्ड तुम्हाला वाचवील याचा भरवसा धरू नका.

स्वतः जोडणी करणाऱ्या मुलांसाठी वायरींबद्दल एवढेच. प्रोसेसरची ४+४ पिनांची आणि ग्राफिक कार्डची ६+२ पिनांची वायर दिसायला सारखी असते, पण त्यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. जोर लावून बसवू नये. डब्यापासून सुटी होणारी वायर असेल तर एका कंपनीची दुसऱ्या कंपनीच्या डब्याला लावू नये, टोक बसले तरी आतली मांडणी वेगळी असते आणि पहिल्याच चालूला भाग जळतात. डब्यात कार्डसाठीची ८ पिनांची वायरच नसेल तर तो डबा त्या कार्डसाठी बनलेला नाही असे समजावे. जुन्या डिस्कच्या वायरीला कन्व्हर्टर लावून काम भागवण्याचा सल्ला ऐकू नये. त्या पातळ वायरी गरम होऊन वितळतात.

मोरजी-हरमलकडच्या मुलांनी खाऱ्या हवेचा विचार करावा. पावसाळ्यात यंत्र महिनाभर बंद ठेवू नये, रोज थोडा वेळ चालवले की आतली ओल सुकते. मुंग्या आणि पाली गरम जागा शोधत एसएमपीएसच्या जाळीतून आत शिरतात, म्हणून कॅबिनेट जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवू नये.

किमतीचे म्हणाल तर ब्राँझ शिक्क्याचा ४५० ते ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस आज साधारण तीन ते साडेचार हजारांत मिळतो. त्यावर तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते. बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव आणि सीरियल नंबर लिहून घ्यावा, नुसते 'एसएमपीएस ४५०' असे बिल घेऊ नये. जुना, वापरलेला ग्राफिक कार्ड कोणी ओळखीचा देत असेल तर पाहून घेता येईल. वापरलेला एसएमपीएस मात्र घेऊ नये.

विश्वस्त मंडळालाही या निमित्ताने एक विनंती. शाळेच्या संगणक कक्षाच्या अर्थिंगची मोजणी दरवर्षी पाऊस सुरू होण्यापूर्वी करून त्याची नोंद ठेवावी, आणि यापुढे संगणकांच्या निविदेत नुसते वॅट न लिहिता १२ व्होल्टच्या ओळीचे अँपिअर लिहून मागावेत.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरी या सुट्टीत खरेदी ठरली आहे, त्यांनी निवडलेल्या डब्याच्या लेबलाचा फोटो घेऊन शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. गुणाकार आपण फळ्यावर मिळून करू. मात्र पैसे देण्यापूर्वी यावे.